क्रमांक चारशे सतराचा खांब

खंडेनवमीला भूगावात जो तो आपापलं हत्यार पुजतो. रिक्षावाला रिक्षा धुतो, गवंडी थापीला कुंकू लावतो, हिंजवडीला जाणारी पोरं लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात आणि आधी फोटो काढून मग नमस्कार करतात. विठ्ठलराव मात्र खांब धुतात. त्यांच्या मागच्या अंगणात शेवग्यासमोर एका छोट्या चौथऱ्यावर बिडाचा खांब चार बोल्टांनी उभा आहे. उंची माणसाच्या डोक्यावर दोन वीत. अंगावर आडव्या रेघा, रेघांशेजारी आकडे. डिझेलात बुडवलेल्या चिंधीनं ते तो असा घासतात की उषाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणतात, "लग्नात नवरदेवाला एवढी हळद लागली नव्हती हो!"

एरवी या खांबाला कामं दोनच. उषाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी याच्यापासून शेवग्यापर्यंत जाते आणि मागच्या टेकाडावर मेंढरं राखणारी तानूबाई दुपारी आपली शेळी याला बांधून सावलीत पाठ टेकते. पण खंडेनवमीला खांबाचा थाट वेगळा. झेंडूची माळ, नारळ, कंदी पेढे, आणि जमलेल्या शेजाऱ्यांसमोर विठ्ठलरावांची कथा.

कथा सगळ्यांना पाठ आहे. शहाण्णव साली जर्मनीतल्या श्टाइनहामर नावाच्या गावी बेर्मे नदीकाठी तारेचा कारखाना बंद पडला. उरवड्याच्या एका मालकांनी तो आख्खा विकत घेतला, आणि तो खोलून, जहाजात घालून, इथं आणून पुन्हा जोडायला मुळशीतले बावीस जण नेले. त्यात पस्तिशीतले विठ्ठलराव. निघायच्या दिवशी म्हणे सगळं गाव जमलं. तिथला सरपंच म्हणाला, हेर विठ्ठल, म्हणजे विठ्ठलसाहेब, तुमच्यासारखा फिटर या गावानं पाहिला नाही, काय हवं ते मागा. विठ्ठलराव म्हणाले, सोनंनाणं नको, आठवणीला एखादं लोखंड द्या. झालं. खांब.

ही कथा दरवर्षी थोडी थोडी अंग धरत गेली. पहिल्या वर्षी सरपंचानं नुसता हात मिळवला होता. पाच-सहा वर्षांनी मिठी मारली. पुढे बँड आला. करोनाच्या आदल्या वर्षी तर सरपंचाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तेव्हा गल्लीतल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष चंद्रकांत पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "काका, दोन वर्षांत तो तुम्हाला मुलगीसुद्धा देणार बघा." सगळे हसले. विठ्ठलरावही हसले. पण 'जर्मन काका' हे नाव त्यांना या खांबानंच दिलं होतं. शाळेत सव्वीस जानेवारीला बोलावणं, नव्या सोसायट्यांतल्या साहेब लोकांनी वाकून केलेला नमस्कार, सगळं त्या नावावर. साधा निवृत्त फिटर म्हटलं की कोण विचारतो? भूगावात आता दर तिसऱ्या दारात मॅनेजर राहतो.

तर यंदा नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, जुईली जिन्यातूनच ओरडत खाली आली. जुईली म्हणजे विठ्ठलरावांची लेक, हिंजवडीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. शाळेत जर्मन घेतलेली.

"बाबा! तुमच्या गावाहून पत्र आलंय!"

"ताम्हिणीकडून?"

"जर्मनीहून!"

विठ्ठलरावांनी चहाचा कप बशीऐवजी पेपरावर ठेवला.

झालं होतं असं. जूनमध्ये जुईलीनं वडिलांचा जुना फोटो इंटरनेटवर टाकला होता. मागे धुराडं, पुढे मिशीवाले विठ्ठलराव, खाली गावाचं नाव. तो फोटो बार्बरा नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेला सापडला. श्टाइनहामरला सातशे वर्षं पूर्ण होताहेत, गाव आपला इतिहास छापतंय, आणि तो लिहायचं काम या बाईंकडे आहे. जुईली पत्र वाचत वाचत मराठी करून सांगत होती. आधी नदीवर पाणचक्क्या, त्यांच्यावर उचलले जाणारे लोखंडाचे घण. मग तारा ओढायचे कारखाने. तेव्हा कामगार झोपाळ्यावर बसून, पाय रेटून, चिमट्यानं तार ओढायचे. मग रेल्वे, मग मोठा कारखाना, साडेसहाशे माणसं. मग युद्ध. मग पुन्हा कारखाना. मग कुलूप.

"आणि शेवटचं प्रकरण तुमचं आहे बाबा! 'भारतीय आले आणि कारखाना घेऊन गेले.' सविस्तर लिहिणार आहेत. फक्त दोन गोष्टी विचारल्यात."

"काय?" विठ्ठलरावांनी इतक्या हळू विचारलं की उषाबाईंनी कुकरची शिट्टी काढून ठेवली.

"त्यांच्याकडे तेव्हाच्या पेपरातला एक फोटो आहे, कंटेनर भरतानाचा. कोपऱ्यात गावाचा पुराच्या खुणांचा खांब आडवा पडलेला दिसतोय. त्यावर पांढऱ्या रंगात काहीतरी नक्षी आहे, ती कुणाला वाचता येते का?" जुईलीनं बोटांनी फोटो मोठा केला. थांबली. मग खिडकीतून अंगणात पाहिलं. "बाबा, नक्षी कसली. हे तर मराठीत चारशे सतरा आहे."

"फोटो अस्पष्ट आहे," विठ्ठलराव म्हणाले. चष्मा त्यांनी लावलेलाच नव्हता.

"दुसरं. तो खांब कुठे गेला हे कुणाला माहीत आहे का? कारण गावात समज असा आहे की कारखान्याच्या शेवटच्या गेटकीपरनं तो रातोरात भंगारवाल्याला विकला. ओटो नावाचे गृहस्थ. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, वृद्धाश्रमात असतात. ते कायम नाहीच म्हणतात, पण कुणी विश्वास ठेवत नाही. लोकांनी त्यांच्याशी उठणं-बसणं तोडलं. पुस्तक दसऱ्याला… म्हणजे पुढच्या गुरुवारी छापायला जातंय. काही कळलं नाही तर तसंच छापावं लागेल असं त्या लिहितात." जुईलीनं मान वर केली. "पण बाबा, तुम्हाला तर तो सरपंचानं दिला ना? मग सोपंय की. मी लगेच कळवते."

"थांब!" विठ्ठलराव उठलेच. "मी… मला आठवू दे जरा. तपशील चुकायला नको."

आणि चपला घालून बाहेर पडले. तेव्हापासून त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली, ती आठ दिवस सुटली नाही.

आता खरं काय घडलं ते. सरपंच नव्हता, बँड नव्हता, मिठी तर नव्हतीच. कारखाना खोलायची पद्धत अशी होती: विठ्ठलराव रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचे. प्रत्येक सुट्या भागावर पांढऱ्या रंगात आकडा घालायचा, वहीत तोच आकडा आणि नाव लिहायचं. आकडा पडला की मागची टोळी तो भाग खोलणार, कंटेनरमध्ये चढवणार, आणि उरवड्याला आकड्याला आकडा जुळवून पुन्हा जोडणार. आकडे मराठीत, टोळीतल्या निम्म्या लोकांना तेच पटकन वाचता यायचे. मालकांचा हुकूम एकच होता, 'बोल्टनं बसवलेलं काही मागं राहता कामा नये.'

कारखान्याच्या भिंतीबाहेर, नदीच्या बाजूला, हा खांब होता. बोल्टनं बसवलेला. त्यावर खालून वर आकडे: १९४६, १९२५, १८४१, आणि सगळ्यांत वर, डोक्यावर, १८९०. फिटरला चार आकडी संख्या दिसली की त्याला मिलिमीटरच दिसतात. विठ्ठलरावांनी ठरवून टाकलं की ही पाण्याच्या टाकीची मोजपट्टी. टेप लावून पाहिला, तर १९४६ ची रेघ जमिनीपासून सहाशे वीसवर! १८९० त्याच्याही वर! काहीच जुळेना. पण त्यांच्या मनात आलं, जर्मन माणूस मापात चुकणार नाही, आपल्यालाच कळत नसेल. घातला आकडा. चारशे सतरा. वहीत लिहिलं, 'मोजपट्टी, बिडाची, एक नग.' जर्मन साहेबानं न बघता सही ठोकली.

त्या खांबाबद्दल ज्याला विचारता आलं असतं असा एकच माणूस होता, गेटवरचा ओटो. तो नेमका त्या दिवशी दाढ काढायला तालुक्याला गेला होता.

हा ओटो म्हणजे विठ्ठलरावांचा तिथला एकुलता एक दोस्त. तो जर्मन बोलायचा, हे मराठी; दोघांचं बिनसलं नाही कधी. तो काकडीचं लोणचं द्यायचा, हे लसणाची चटणी. चटणी खाऊन तो लाल व्हायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. जेवणाच्या सुट्टीत तो हातवारे करून गावाचा इतिहास सांगायचा. घण कसा पडायचा, झोपाळ्यावर बसून तार कशी ओढायचे, बॉम्ब कसे पडले. मधेच तो हात गुडघ्याला लावायचा, मग कमरेला, मग छातीला, मग डोक्याच्या वर नेऊन डोळे मोठे करायचा. विठ्ठलरावांना वाटायचं, गडी पोरांच्या वाढीचं सांगतोय. चार पोरं दिसतात, थोरला भलताच उंच. तेही मान डोलावून आपल्या जुईलीची उंची हातानं दाखवायचे. ओटो गोंधळून बघायचा, एवढा लहान पूर कुठला म्हणून.

उरवड्याला चार महिन्यांत कारखाना उभा राहिला, तारा ओढू लागला, आणि एक नग उरला. चारशे सतरा कुठेच बसेना. साहेब म्हणाले, भंगारात टाका. विठ्ठलरावांना जीव होईना. टेम्पोत घालून घरी आणला. शेजाऱ्यांनी विचारलं, हे काय? तेव्हा तोंडातून निघून गेलं, "दिला तिकडच्यांनी." एवढंच खोटं. बाकीचं व्याज.

पुढे जुईली आठवीत गेली, आणि एका दुपारी शेळीला बाजूला सारून तिनं खांबाच्या टोकावरचं अक्षर वाचलं. "बाबा, इथं पूर असं लिहिलंय. ही सालं आहेत." विठ्ठलराव त्या दिवशी जेवले नाहीत. आपण एका गावाच्या पुराच्या आठवणी उचलून आणल्या, हे त्यांना तेव्हाच कळलं. पण तोवर कथेत बँड वाजू लागला होता. बँड थांबवायचा कसा?

आणि आता ओटो.

बुधवारी ते सकाळी सहाला उठून चांदणी चौकापर्यंत चालत गेले आणि तिथून काय आणायचं होतं ते न आठवून परत आले. गुरुवारी स्कूटरवरून पौडला जाऊन आले, शुक्रवारी माणला एका जुन्या सोबत्याकडे. सोबत्यानं खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. तो पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होता. विठ्ठलराव विचारायला गेले होते, 'तुला तो जास्तीचा नग आठवतो का?' आणि विचारून आले, 'टँकर कितीला पडतो?'

"बाबा, काय कळवू?" जुईली रोज विचारायची.

"आठवतोय." रोज हेच.

शनिवारी त्यांनी एक उत्तर मनात जुळवलंही. 'नक्षीचा अर्थ: शुभ लाभ. खांबाबद्दल माहिती नाही.' किती सोपं! तिथं कोण मराठी वाचणार आहे? जुईलीला सांगायला जिना चढले, चौथ्या पायरीवर लसणाच्या चटणीनं लाल झालेला ओटो आठवला आणि खाली उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले. उषाबाई लादी पुसत होत्या, म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही ना तुम्ही?"

मग स्कूटर काढली आणि थेट उरवडे. श्टाइनहामरचा कारखाना आणून बसवला होता ती जागा बघायला. कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला होता. यंत्रं भंगारात गेली, ती मात्र गॅसनं कापून; कुणी आकडे घातले नाहीत. आता तिथं पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यावर मोठा फलक, निळी नदी, तिच्याकाठी इंग्रजी नावाचे बंगले, आणि एक गोरं कुटुंब हसत चाललेलं. नदी खरी पाहिली तर पलीकडे तीन किलोमीटरवर. गेटवरचा वॉचमन हिंदीत म्हणाला, "प्लॉट देखना है अंकल?"

"इथं तारेचा कारखाना होता."

"मालूम नहीं अंकल. मैं तो दो महीने से हूँ."

विठ्ठलराव फलकाकडे बघत उभे राहिले. तिकडे सातशे वर्षांचा हिशेब लागतोय, घण कधी पडला, पूल कधी वाहून गेला. इकडे बावीस वर्षं तिन्ही पाळ्या चाललेला कारखाना, आणि वॉचमनला मालूम नहीं. आपल्या कारखान्याचा इतिहास लिहायचा तर लिहील कोण, आणि खुणेला काय आहे? आहे ती एक खूण. तीही दुसऱ्यांची.

रविवारी दुपारी तानूबाई शेळी बांधायला आली तेव्हा विठ्ठलराव खांबाभोवती फेऱ्या मारत होते.

"काय इठ्ठलदादा, वडाला फेऱ्या घालताय व्हय? सात जलम हीच बाई पायजेल का?"

"तानूबाई, एक विचारू? समज, तुझ्या कळपात दुसऱ्याची मेंढी आली. चुकून. तुला कळलंच नाही."

"मला न्हाई कळनार? माजी मेंढी अंधारात वासानं वळखंल मी."

"समज गं! आली. आणि तिकडे चोरीचा आळ तिसऱ्याच गरिबावर."

तानूबाईनं दाव्याची गाठ मारली, पदरानं तोंड पुसलं आणि खांबाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. ती अडाणी आहे असं समजणाऱ्यानं तिच्याकडून कोकरू घेऊन बघावं.

"हा खांब न्हवं?"

विठ्ठलरावांचा जबडा खाली आला. मग मात्र सगळं भडाभडा बाहेर पडलं. आकडा, ब्रश, दाढ, ओटो. शेळी रवंथ करत ऐकत होती, तानूबाईसुद्धा.

"म्हंजी पानी कुटवर आलतं, त्याची खून हाय ही?" तिनं १८९० च्या रेघेपर्यंत हात नेला, पोचला नाही. "लई बाई पानी. पन दादा, त्येंचं पानी आलं आन् गेलं. मागं गाव ऱ्हायलं. माज्या सासऱ्याच्या बापाचं गाव धरनात गेलं, तुमच्या आज्याचंबी तितंच गेलं. त्ये पानी अजून गेलं न्हाई. आमाला कुनी खांब रवला का? रवायचा म्हनला तर केवढा रवायचा?"

विठ्ठलरावांची नजर रेघेवरून शेवग्याच्या शेंड्याकडे गेली.

"ज्येंच्याकडं खून हाय, त्येंची खून त्येंना द्या. आन् त्या म्हाताऱ्याचं तोंड मरायच्या आदी उजळ करा. मेल्यावर उजळून काय, दिवाळी करायची हाय?" आणि तिनं पाठ टेकली, दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागली. सल्ला देऊन असं झोपता येणं हे भाग्य विठ्ठलरावांकडे नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी उषाबाई झेंडूच्या माळा ओवत बसल्या. उद्या खंडेनवमी. विठ्ठलराव दारातून अंगणात, अंगणातून दारात.

"बसा," त्या म्हणाल्या. "आठ दिवस डोळ्यांसमोर पंखा फिरावा तसे फिरताय. मला घेरी यायला लागली."

"उषा, मी तुला एक सांगायचं…"

"खांब कुणी दिलेला नाही, हेच ना?"

विठ्ठलराव बसले. खुर्ची नव्हती तिथं, सुपातल्या झेंडूवर.

"अहो फुलं! उठा! तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नाही? त्या सरपंचानं खरंच मिठी मारली असती तर तुम्ही त्याचा फोटो करून दारावर लावला असता. तुम्ही कंपनीनं दिलेलं बत्तीस रुपये पगारवाढीचं पत्र फ्रेम करून ठेवलंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणाचं बिघडत नव्हतं म्हणून. तुमची छाती फुगायची, लोकांना पेढा मिळायचा, मला दोरी बांधायला जागा. आता बिघडतंय. जुईलीनं मला त्या म्हाताऱ्याचं वाचून दाखवलं." त्यांनी सुई फुलातून आरपार काढली. "एकोणतीस वर्षं तो माणूस एकटा जेवतोय, आणि तुम्ही पेढे वाटताय."

उषाबाईंचं हे वाक्य विठ्ठलरावांना जिथं लागायचं तिथं लागलं. ते उठले, जिना चढले, या वेळी चौथ्या पायरीवर थांबले नाहीत. जुईलीच्या दारात उभं राहून म्हणाले, "त्या बाईंना म्हणावं, उद्या फोनवर भेटा. तोंड दाखवून. आणि ओटोला सोबत बसवा. खांबासमोरच बोलेन."

"बाबा, उद्या खंडेनवमी. सगळे शेजारी असतील."

"म्हणूनच," विठ्ठलराव म्हणाले, आणि लगेच खाली जाऊन पाणी प्यायले. तीन ग्लास.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अंगण भरलं. चंद्रकांत पेढ्यांच्या ताटाजवळची जागा धरून उभे. माळ घातली, नारळ फुटला. तानूबाई शेळी घेऊन लांब बांधावर. विठ्ठलरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो पाठीला चिकटला होता.

"काका, करा सुरू," चंद्रकांत म्हणाले. "यंदा सरपंच रडून थांबतो का चक्कर येऊन पडतो?"

"यंदा सरपंच येणारच नाही," विठ्ठलराव म्हणाले. "तो कधी आलाच नव्हता."

हसायची सवय असलेले दोघं-तिघं हसले आणि एकटे पडले. तेवढ्यात जुईलीनं स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर माणसं दिसू लागली. पांढऱ्या केसांच्या बार्बराबाई, आणि चाकाच्या खुर्चीत, गळपट्टा गुंडाळलेला, सुकलेल्या खारकेसारखा एक म्हातारा. विठ्ठलरावांनी त्याला कानांवरून ओळखलं. कान तेवढेच मोठे राहिले होते.

विठ्ठलरावांनी शेजाऱ्यांकडे पाठ केली नाही आणि ओटोकडेही नाही. मधेच तिरके उभे राहिले. म्हणाले, "हा खांब मला कुणी दिला नाही. मी आणला. मोजपट्टी समजून आकडा मीच घातला, मीच खोलायला लावला. पुढे खरं कळलं, तरी सतरा वर्षं गप्प बसलो. ओटोनं काही विकलं नाही. चोर म्हणायचं तर मला म्हणा." जुईलीनं वाक्य न् वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. सांगताना ती दोनदा अडखळली, कारण बँडवाली कथा तिनंही कॉलेजभर सांगितली होती.

चंद्रकांतांचा पेढा हातातच. पलीकडे बार्बराबाईंनी तोंडावर हात धरला. जुईलीनं लॅपटॉप उचलून खांबासमोर धरला. झेंडूच्या माळेतून १८९० डोकावत होतं.

ओटोनं बाईंकडे वळून, बोट नाचवत, एकच वाक्य तीनदा म्हटलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं.

"काय म्हणतो? शिव्या देतो का?" विठ्ठलरावांनी विचारलं.

जुईली हसत होती आणि डोळे पुसत होती. "म्हणतात, 'मी सांगत होतो ना! चोर कापतो, फिटर खोलतो!' बाबा, ते एकोणतीस वर्षं गावाला हेच सांगत होते. भंगारवाल्यानं नेला असता तर बुडापासून कापला असता. इथं चारही नट व्यवस्थित सोडवून पायाच्या बोल्टांवर परत लावून ठेवले होते. असं करणारा माणूस फिटरच. लोक म्हणायचे, कुठला फिटर पूर घरी नेतो?"

ओटोनं मांडीवरचा तंबाखूचा पत्र्याचा डबा उघडला आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला. आत चार नट. चकचकीत, ग्रीस लावलेले.

विठ्ठलराव लॅपटॉपजवळ गेले. नाक काचेला लागेल इतके. "दर वर्षी ग्रीस लावलंय," ते कुणाला तरी म्हणाले. "बघा. दर वर्षी लावल्याशिवाय असा राहत नाही."

मग ओटोनं काहीतरी विचारलं, थोडं रागानंच.

"ते विचारतायत, खांबाच्या बुडाची भोकं मोठी केली नाही ना? बोल्ट तिथं अजून जमिनीत उभे आहेत."

"नाही! सांग त्यांना, नाही! इकडचे बोल्ट बारीक घातले. वायसर लावून. भोकाला हात लावलेला नाही!" आणि आठ दिवसांत पहिल्यांदा विठ्ठलराव एका जागी स्थिर उभे होते.

माफी झाली का, असं विचाराल तर तसं कुणी काही म्हटलं नाही. ओटो रागावलेला होता आणि तो हक्क त्याचा होता. शेवटी तो बाईंना म्हणाला की रविवारी आपल्याला गावच्या गुत्त्यात आपल्या जुन्या टेबलाशी न्या, आपल्याला चार जणांशी बोलायचंय. आणि विठ्ठलरावांकडे बघून त्यानं उजवा हात पुढे केला, पंजा उताणा. विठ्ठलरावांना क्षणभर कळेना. मग त्यांनी उषाबाईंना विचारलं, "अगं, लसूण आहे का घरात?"

बार्बराबाईंनी छपाई दोन आठवडे पुढे ढकलली. पुस्तकात आता शेवटचं प्रकरण जरा लांबलंय, आणि '४१७' म्हणजे नक्षी नव्हे, हे तळटीपेत आलंय. खांब परत न्यायची सगळी सोय श्टाइनहामरच्या गावकऱ्यांनी केली.

चंद्रकांतांनी आठवडाभर टिंगल करून घेतली. 'जर्मन काका' चं 'मिलिमीटर काका' झालं आणि ते टिकेल असं दिसतंय. शाळेतून सव्वीस जानेवारीचं बोलावणं यंदा येईल की नाही, कोण जाणे. विठ्ठलराव विचारत नाहीत.

कार्तिकात खांब घालायची लाकडी पेटी आली. विठ्ठलरावांनी खांब स्वतः खोलला, कुणाला हात लावू दिला नाही. चारही बोल्ट सोडवले, नट त्यांच्यावर परत लावून चौथऱ्यावर ठेवले. मग रंगाचा डबा आणि ब्रश आणला. जुना ४१७ पुसट झाला होता. त्यावरून नवा घातला, आणि खाली, बुडाशी, नदीकडची बाजू कुठली ते दाखवणारा बाण. नाहीतर तिकडचे उलटा बसवायचे. पेटीत एका कोपऱ्यात, चिंध्यांत गुंडाळून, लसणाच्या चटणीची बरणी.

टेम्पो गेला. उषाबाईंच्या हातात दोरीचं एक टोक लोंबत राहिलं, दुसरं शेवग्याला. तानूबाई शेळी घेऊन आली, रिकामा चौथरा बघून थबकली.

"आता गं बाई! म्या शेळी कुटं बांदू?"

विठ्ठलराव टेम्पो गेला त्या दिशेला दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा दोन पावलं गेले.

"ह्यांनाच बांध," उषाबाई म्हणाल्या. "दोघं एका जागी तरी राहतील."